टेपचं शून्याकडचं टोक

गोदा,

मंगळवारी चार वाजता तू अंगणात त्या बुटक्या स्टुलावर बसलेली होतीस. टेपचं शून्याकडचं टोक तुझ्या अंगठ्याखाली होतं आणि आकड्याकडचं माझ्या हातात. कडुलिंबाची पानं गळून राहिली होती. एक पान नेमकं तुझ्या ठिपक्यावर पडलं. तू फुंकर मारून ते उडवलंस आणि अंगठा परत जागेवर ठेवलास. मी विचारलं, नीट धरलंय का. तू म्हणलीस, "कवाचं धरलंय. तुम्ही बघा की."

मी बघितलं. मागचं माप घेतलं, पुढचं घेतलं, परत मागचं घेतलं. मग म्हणलो सोड, आणि टेप तुझ्याकडून सुर्रकन माझ्या मुठीत आली. मी म्हणलो, "दोन सूत बाहेर हाय अजून. उद्या बघू."

तू "बरं" म्हणलीस. गुडघ्यांवर हात टेकून उठलीस आणि चहा ठेवायला आत गेलीस.

गोदा, माप बरोबर होतं. मंगळवारीच नाही, रविवारीच बरोबर झालेलं होतं. मी खोटं बोललो. गाडीची चाकं सरळ झाली की तुला देगलूरला तुझ्या आक्काकडं न्यायचं ठरलं होतं, आणि मला आक्काच्या दारात जायचं नव्हतं. म्हणून मी तुला तीन दिवस त्या स्टुलावर बसवलं. चौथ्या दिवशी तू उठलीच नाहीस.

हे मला तुला तोंडानं सांगता आलं असतं. आता लिहून सांगून राहिलो. आपला बालाजी म्हणला, आप्पा, मनात ठेवू नका, जे असेल ते वहीत लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. माझं लिहिणं म्हणजे गाडीच्या धुळकट काचेवर बोटानं नाव काढण्याएवढं. तू सातवी शिकलेली. माझ्या चुका तूच काढायचीस, आता चुका तशाच राहतील.

डोळे मिटले की मला तेच अंगण दिसतं. तुला आठवतं, गाडीसाठी मी तिथं शहाबादी फरशी बसवली. पाण्याची नळी लावून चारी कोपरे एका पातळीत आणले, आठ दिवस लागले. तू दारात उभं राहून बघायचीस. सैपाकघरात मोरीपाशी पाणी तुंबतं, तिथं उतार काढायला ह्या बाबाला सवड नाही आणि गाडीच्या पायाखाली मात्र आरसा करून ठेवलाय, असं तू शेजारणीला ऐकवलंस. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. मी म्हणलो, सैपाकघर कुठं पळत नाही. तू म्हणलीस, तुमची गाडी तरी कुठं पळती.

खरंच होतं. महिन्यातून दोनदा लातूरला, एखाद्या वेळी शिरूर अनंतपाळला तुझ्या भाचीकडं. बाकी दिवस ती अँबेसिडर लिंबाखाली उभी. पण तिच्या चाकांची सेटिंग मी दर वर्षी घरीच केली, आणि दर वर्षी तुला घेऊनच केली. ते एका माणसाचं कामच नाही. गॅरेजात असताना माझ्या हाताखाली लई माणसं येऊन गेली. पण ज्याला टेपचं टोक हलू न देता धरता येतं असा माणूस मला तिथं मिळाला नाही. तो मला घरात मिळाला.

तू चाक फिरवायचीस ते मला लई आवडायचं. मी जॅक लावून पुढचं चाक उचलायचो. तू बसल्या जागी दोन्ही हातांनी चाकाला जोर द्यायचीस, जात्याला देतात तसा, आणि ते फिरत राहायचं. मी लाकडाच्या ठोकळ्यात ठोकलेला खिळा टायरला टेकवून धरायचो. खर्र खर्र आवाज यायचा आणि रबरावर एक पांढरी बारीक रेघ उमटत जायची. जिथनं निघाली तिथंच परत येऊन मिळायची. चाक हळू हळू होत थांबायचं. रेघ थांबली तरी तू बघत राहायचीस. एकदा मी विचारलं काय बघतीस, तर म्हणलीस, काही न्हाई, गरगरायला झालं, बरं वाटतंय.

मग चाक खाली. गाडी दोन हात पुढं, दोन हात मागं ढकलायची, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. तेवढ्यापुरती तू आत बसून स्टेअरिंग धरायचीस. मी मागून ढकलत ओरडायचो, सरळ धर. तू आतून म्हणायचीस, "सरळच हाय. तुम्हीच तिरपं ढकलून राहिलाव."

त्यानंतर ओळंबा. रेघेवरून दोरी सोडायची, लोलक फरशीला टेकू द्यायचा नाही, नुसता वर तरंगता ठेवायचा. तो डुलत असायचा. तो थांबेपर्यंत आपण दोघं श्वास धरून बसायचो. थांबला की त्याच्या टोकाखाली तू चिमटीतल्या रांगोळीचा एक ठिपका ठेवायचीस. मी खडू दिला होता तुला, तू घेतला नाहीस. खडू जाड उमटतो म्हणलीस. दोन्ही चाकांच्या पुढं एक एक, मागं एक एक. असे चार ठिपके झाले की गाडी मागं ढकलून द्यायची. आता अंगणात गाडी नसायची, नुसते तिचे चार ठिपके. गाडी नसताना गाडीचे पाय दिसायचे. त्या ठिपक्यांवर आपण टेप धरायची. मागचं माप साडेत्रेपन्न इंच आलं तर पुढचं एक सूत कमी पाहिजे, म्हणजे इंचाचा आठवा भाग. चाकं पुढून जराशी एकमेकांकडं कललेली पाहिजेत. पळताना ती आपोआप उघडतात आणि बरोबर सरळ होतात. एकदम सरळ ठेवली तर पळताना फाकतात. हे मी तुला पहिल्या वर्षी सांगितलं तेव्हा तू म्हणलीस, म्हणजे उभ्या उभ्या जरा रुसलेली बरी. मी म्हणलो, रुसलेली नाही, जवळ आलेली. तू पदर डोक्यावर घेतलास.

गाडी तुझी. कागदावर तुझंच नाव आहे. आक्काचा नवरा, माझा साडू, देगलूरला आडत करायचा. मोठा माणूस. त्याला म्हातारपणी डोळ्यानं दिसेना तेव्हा त्यानं गाडी विकली नाही, धाकट्या मेव्हणीला आहेर म्हणून दिली. मला नाही, तुला. आक्का मला आयुष्यभर मिस्तरीच म्हणत आली. धाकटीनं मिस्तरी केला, असं ती चारचौघांत म्हणायची आणि हसायची. मी पण हसायचो. गाडी घरी आणली, जॅकवर घेतली आणि टायर बघून माझं डोकं फिरलं. पुढचे दोन्ही टायर आतल्या अंगानं खाल्लेले, आतली तार दिसत होती. एवढ्या वर्षांत त्या माणसानं एकदा चाकाची सेटिंग बघितली नव्हती.

पुढं साडू वारला. तेराव्याला मंडपात लोक उठून दोन दोन शब्द बोलत होते. कुणीतरी म्हणलं, मिस्तरी, तुम्ही पण बोला. मी उभा राहिलो. म्हणलो, साडू चांगला माणूस, कुणाचं वाईट केलं नाही. पण गाडीची लई हयगय केली. टायरची तार बाहेर आलेली आणि हा तसाच हैदराबादपर्यंत गाडी न्यायचा. नशीब चांगलं म्हणून खाटेवर मेला.

मला वाटलं होतं मी त्याच्या नशिबाची तारीफ करतोय.

आक्का बायकांतून उठून पुढं आली. रडत नव्हती. म्हणली, "मिस्तरी, माझ्या उंबऱ्याला परत पाय लावू नका."

त्या दिवशी आपण गाडीनं परत निघालो. उदगीर सुटल्यावर म्हणलीस, ते खरं होतं, पण तेराव्याला सांगायचं का. मी म्हणलो, मग कधी सांगायचं, एवढे गाडीवाले लोक एका जागी परत कधी बसणार. तू खिडकीकडं तोंड केलंस. तुझे खांदे हलत होते. मला वाटलं रडून राहिली. लई उशिरा कळलं की तू हसत होतीस, आणि रडतही होतीस. हे भांडण आपलं सहा वर्षं चाललं. तू म्हणायचीस एकदा जाऊन हात जोडा. मी म्हणायचो खोटं काय बोललो ते दाखव. तू म्हणायचीस खोट्याचं न्हाई, जागेचं बोलतीय. ते भांडण मिटायचं राहिलं. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडतो, आणि दोन्ही बाजूंनी हरतो.

दुसरं भांडण ओढण्याचं. लातूरहून परत येताना गाडी डावीकडं ओढते, असं तुझं म्हणणं. मी सांगायचो की रस्त्याला डावीकडं उतार असतो, पाणी निघून जावं म्हणून, कुठलीही गाडी थोडी ओढणारच. टायर खाणं वेगळं, ओढणं वेगळं. तू म्हणायचीस हात सोडून दाखवा. समोर रस्ता मोकळा असला की मी स्टेअरिंगवरचे हात दोन बोटं वर उचलायचो. दोन्ही बाजूंना करडई पिवळी फुललेली, ऊन कललेलं, आणि गाडी आपली आपण हळूच डावीकडं निघायची. झोपेत कूस बदलावी तशी. डावीकडं म्हणजे उगवतीला. तू बोट दाखवायचीस, "बघा. देगलूरलाच निघाली. तिला माहेर आठवलं." मी हात परत टेकवायचो. तू सीटला डोकं टेकून डोळे मिटायचीस. मला अजून वाटतं की त्या रस्त्यावर आपण कुठंतरी तसेच चाललो आहोत, माझे हात वर आहेत आणि तुझे डोळे मिटलेले.

उतारच होता, गोदा. ह्यात मी हरणार नाही.

ही सहा वर्षं तू एसटीनं एकटी जायचीस. उदगीरला गाडी बदलायचीस, पिशवीत आक्कासाठी करडईची कोवळी भाजी आणि लसणाची चटणी. परत आलीस की मी विचारायचो नाही आणि तू सांगायची नाहीस. मग तुझे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना. तिकडं दिवाळीत आक्का मोरीत पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ती खाटेला आणि तू घराला बांधलेली. रोज सांजच्याला सहाला फोन. तुम्ही बहिणी तेलुगूत सुरू झालात की मला एक अक्षर कळायचं नाही. मधूनच मिस्तरी एवढा शब्द ऐकू यायचा आणि तू माझ्याकडं बघायचीस.

गेल्या महिन्यात तू म्हणलीस, मला एकदा आक्काला बघायचंय. हट्ट केला नाहीस. भाकरी थापता थापता म्हणलीस. मी म्हणलो नेतो, पण स्टेअरिंगच्या सळयांचे सांधे खिळखिळे झालेत, ते बदलू दे. ते खरं होतं. ते बदलले की चाकाची सेटिंग मोडतेच, ती परत करावी लागते. ते पण खरं. बालाजी फोनवर म्हणला, आप्पा, लातूरला आणा, काम्प्युटरवर दहा मिनिटांत होतं. मी म्हणलो काम्प्युटरला काय कळतं. तू फोन हिसकावून घेतलास आणि त्याला म्हणलीस, राहू दे बाळा, त्यांना मला राबवून घ्यायचंय.

रविवारी माप बसलं. मी टेप बघितली आणि लगेच सोड म्हणलो. आता जावं लागणार. आक्काच्या दारात तू आत जाणार आणि मी कुठं उभा राहणार? गाडीत बसून राहिलो तर गल्ली बघणार. आत गेलो तर ती काय म्हणणार? मी म्हणलो, एक सूत आत हाय. सोमवारी तू दुपारी पडलीस तेव्हा मी गाडीखाली गेलो. डाव्या सळईला जागेवर घट्ट धरणारा चेकनट सोडला आणि बसलेलं माप हातानं मोडलं. सांजच्याला तुझ्यादेखत परत बसवायला घेतलं. गोदा, माझ्या उभ्या जन्मात मी बरोबर केलेलं काम मोडलं नव्हतं. पाना हातात धरून मी तिथं तसाच पडून राहिलो. वर गाडीचं पोट होतं आणि बाजूला तुझ्या चपला दिसत होत्या, दारापाशी काढलेल्या.

मंगळवारचं तुला माहीतच आहे. की माहीत नाही? तेच मला कळत नव्हतं. शून्य तुझ्या हातात होतं, आकडा माझ्या. तुला दिसायचं काही कारण नव्हतं. पण तू "बरं" म्हणलीस ते फार लवकर म्हणलीस. रविवारी तू विचारलं होतंस किती राहिलं. मंगळवारी काहीच विचारलं नाहीस.

बुधवारी सकाळी मला चहाचा आवाज आला नाही. मी पडल्या पडल्या वाट बघितली. मग उठून तुझ्या खांद्याला हात लावला. पुढचं मी लिहीत नाही.

बालाजी आला, गल्ली आली, दुपारी तुला नेलं. आल्यावर तू पडली होतीस त्या जागी बायकांनी पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली घातली. सकाळी पिठावर कुणाचं पाऊल उमटतंय ते बघायचं, म्हणजे तू कुठल्या जन्माला गेलीस ते कळतं. मी कोपऱ्यात बसलो होतो. सहा वाजले आणि तुझा फोन वाजला.

फोन तुझ्या उशाच्या फळीवर होता. त्यावर आक्काचा फोटो, डोक्यावर पदर, खाटेवर बसलेली. घरातली सगळी माणसं त्या फोनकडं बघत उभी राहिली आणि कुणी हात लावला नाही. वाजून थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा बालाजीनं त्याचा आवाज बंद केला. फोटो तरी दिसतच होता.

तेव्हा कळलं की आक्काला कुणी सांगितलेलंच नाही. बालाजीनं आणि तिकडं तिच्या लेकानं, व्यंकटनं, दोघांनी ठरवलं होतं. तिचं काळीज नाजूक आहे, हाड अजून भरलं नाही, तेरावा झाल्यावर सांगू. तोपर्यंत मावशीचा फोन बिघडलाय म्हणायचं. मी म्हणलो, तेरा दिवस? रोज सहाला ती फोन लावणार आणि तुम्ही तिला खोटं सांगणार? बालाजी म्हणला आप्पा, चांगल्यासाठी आहे. मी म्हणलो, ह्या घरात एवढ्यात लई खोटं झालंय. त्याला वाटलं दुःखानं बोलतोय.

सकाळी बायका टोपलीपाशी जमल्या. एक म्हणली चिमणीचं पाऊल आहे, दुसरी म्हणली गाईचं खूर. मला बोलावलं. मी वाकून बघितलं, मला नुसतं पीठ दिसलं. मी तसं सांगितलं. मग चावी घेतली आणि अंगणात आलो.

बालाजी मागून आला. म्हणला, कुठं. मी म्हणलो देगलूर. त्यानं गाडीच्या दारावर हात ठेवला.

"आप्पा, सुतक हाय. कुणाच्या घरी जायचं नसतंय."

"घरात न्हाई जात. दारातून सांगतो."

"मी येतो मग."

"तू घरी थांब. दिव्यापाशी कुणीतरी पाहिजे."

त्यानं हात काढला.

रस्ता मला नीट आठवत नाही. गाडीचं स्टेअरिंग बोटाच्या टोकानं धरलं तरी पुरत होतं, एवढं हलकं झालं होतं. एवढी चांगली सेटिंग आपण कधीच केली नव्हती. शेतांवर धुकं होतं आणि त्यातून ज्वारी काढणारी माणसं अर्धी अर्धी दिसत होती, कमरेपासून वर. बाजूच्या सीटवर तुझी शाल पडलेली होती. मी दोनदा तुझ्याशी बोललो. एकदा म्हणलो काच वर घे, गार लागंल.

आक्काच्या घराचं दार उघडंच होतं. तिची खाट दाराच्या समोरच टाकलेली. मी खाली, उंबऱ्याच्या बाहेर, चप्पल काढून उभा राहिलो. व्यंकटनं मला बघितलं आणि तो हातानं नको नको करायला लागला. आक्कानं मान वळवली. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं, गाडीकडं बघितलं. बराच वेळ गाडीकडं बघत होती.

"एकटेच आलाव?"

मी हाव म्हणलो. मग सांगितलं. जसं सुचलं तसं, दोन वाक्यांत. मला गोल बोलता येत नाही हे तुला माहीत आहे.

आक्का लगेच रडली नाही. तिनं विचारलं किती वाजता. मी म्हणलो पहाटं कधीतरी. तिनं विचारलं आदल्या दिवशी काय जेवली. मी म्हणलो अर्धी भाकर आणि चुक्याची भाजी. कुठलं लुगडं नेसवलं ते विचारलं. तेही सांगितलं. व्यंकट तिचे पाय धरून बसला होता. मग न विचारलेलं मीच सांगायला लागलो. म्हणलो, गाडी रविवारीच झाली होती. ती तुम्हाला भेटायला निघाली होती. मी खोटं माप सांगून तिला थांबवलं, मला तुमच्या दारात यायला तोंड नव्हतं. तेराव्याला मी जे बोललो ते त्या जागी बोलायचं नव्हतं.

आक्का छताकडं बघत म्हणली, "मला ठाव हाय. मंगळवारी सांजच्याला तीच म्हणली. गाडी झालीय, माणूस तयार हुईना. दोन दिस जाऊ दे आक्का, त्यांचं त्यांनाच खोटं जड हुईल आन निघतील."

मी उंबऱ्याला हात टेकला. मग आठवलं आणि हात काढून घेतला.

"रागानं म्हणली का?"

"हसत हुती," आक्का म्हणली. "मी न्हाई हसत. माझं तुमच्यावर जे हाय ते हाय."

मी म्हणलो असू द्या.

मग ती रडली. रडणं झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि व्यंकटला म्हणली, गोधडी आण, उद्या सावडायचंय, माझ्या बहिणीची राख मी बघणार. व्यंकट म्हणला, आई, तुला बसवत नाही. ती म्हणली निजून जाते. त्यानं माझ्याकडं बघितलं. सुतकातल्या माणसानं शिवायचं का नाही, हे तिथं कुणाला विचारणार? आक्काच म्हणली, "बघता काय मिस्तरी. तिकडून धरा."

एका बाजूनं व्यंकटनं, एका बाजूनं मी, गोधडीचे चारी कोपरे धरून आम्ही तिला उचललं. लई हलकी झालीय गं ती. मागच्या सीटवर तिला निजवलं, तुझी शाल घडी करून डोक्याखाली दिली. व्यंकट तिचे पाय मांडीवर घेऊन बसला. गाडी मी तीसच्या वर नेली नाही. खड्डा दिसला की थांबायचो आणि एक एक चाक त्यात हळूच उतरवायचो. धुकं गेलं होतं. आरशात आक्काचे उघडे डोळे दिसत होते.

उदगीर जवळ आलं. मग मागून आवाज आला.

"मिस्तरी, सांगा."

मी विचारलं, काय सांगू.

"दिवाळीपासनं मी तिला फोनवरच ऐकलं. दिसभर ती काय काय करायची, ते सांगा."

मला वाटलं मला सांगता येणार नाही. मी आपला रस्ता बघत होतो. मग तू पहाटं उठून आधी खिडकीची एकच फळी उघडायचीस, मला ऊन लागू नये म्हणून, ते आठवलं. मी तिथून सुरुवात केली.